कुबड्यांचं रबर

बसलेल्या माणसाची तगमग बाहेरून दिसत नाही. उभं माणूस अस्वस्थ झालं की दारात जातं, परत येतं, मग कुणीतरी विचारतं काय झालं म्हणून. मी बसल्या जागी भाकरी थापते, शेंगा फोडते, लसूण सोलते. आत जे काय येरझाऱ्या घालत असतं त्याचा आवाज होत नाही. भावकीतल्या बाया म्हणतात, किती शांत बाई आहे ही. मी मान खाली घालून हसते.

दोन वर्षांमागं ही तगमग फार वाढली, आणि तिला कारण होतं एक गाडी.

गावात आरोग्याचं काम करणारी बाई असते, तिला सगळीकडं आशाताईच म्हणतात. ती एका दुपारी दारात बसून सांगत होती की सरकार आता बॅटरीवरची तीनचाकी देतंय. हातानं काही फिरवायचं नाही, मूठ पिळली की चालते. पलूसला तपासणीचं शिबिर आहे, तिथं डॉक्टर माणूस बघतात, त्याला काय लागतं ते कागदावर लिहितात, आणि लिहिलेलं असेल ते मिळतं. मी तिला एवढंच विचारलं, शेतापर्यंत जाईल का? ती म्हणाली, सांगलीपर्यंत नाही जायची, पण शेतापर्यंत निवांत जाईल.

आमचं शेत घरापासून लांब नाही. बोळातून बाहेर पडलं, शाळा ओलांडली, कालव्याच्या कडेनं गेलं की आलं. सगळा ऊस. लग्न होऊन मला बावीस वर्षं झाली होती आणि त्या शेतात मी दोनदा गेले होते. एकदा लग्नानंतर पाया पडायला, बैलगाडीतून. एकदा मुलगी तान्ही असताना, मालकांच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, पाठीवर. माझ्या हातची भाकरी मात्र तिथं रोज जात होती. फडक्यात भाकरी बांधताना मला कधीकधी त्या फडक्याचाच राग यायचा.

मला तिसऱ्या वर्षी पोलिओ झाला, दोन्ही पाय गेले. माहेर औंधच्या जवळ. शाळा घरामागंच होती, चौथीपर्यंत आईनं पाठीवर नेलं आणि आणलं. पाचवी औंधला होती. तोवर मी आईच्या पाठीवर मावेनाशी झाले होते, त्यामुळं शाळा तिथंच थांबली. मास्तर घरी येऊन वाचायला जुनी मासिकं देऊन जायचे. त्यावरच पुढचं काय ते शिकणं झालं.

लग्न जमवलं ते सासऱ्यांनी. ते फौजेतून हवालदार होऊन आलेले. पाहुण्यांच्या घरी त्यांनी मला ज्वारी निवडताना बघितलं, चार गोष्टी विचारल्या आणि आपल्या थोरल्यासाठी मागणी घातली. लोकांनी नावं ठेवली. तेव्हा ते म्हणाले होते म्हणे की, पोरगी डोक्यानं चालती, पायाचं काय घेऊन बसलाय. हे वाक्य मला सासूबाईंनी नंतर कितीतरी वेळा सांगितलं. त्या घरात मला कुणी कमी लेखलं नाही ते या माणसामुळं, हे आधी लिहून ठेवते. पुढचं लिहिताना राग येईल म्हणून.

आता मी चालते कशी, ते. हे मी आजवर कागदावर लिहिलेलं नाही. मी रांगते. गुडघ्यांना सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे बांधते, आणि रबरी चपलांचा जोड हातात घालते, पायात नाही. लुगडं वर खोचते. पाणी भरायचं असेल तर कळशी पुढं ढकलत नेते. अशी मी स्वयंपाकघरातून सोप्यात, सोप्यातून अंगणात, अंगणातून न्हाणीत दिवसातून कितीदा जाते त्याचा हिशेब नाही. त्यानं उजवा खांदा पार खिळखिळा झाला आहे. कुबड्या आहेत. लग्नात वडिलांनी नव्या करून दिल्या होत्या. त्यांवर मी भिंतीला टेकून उभी राहू शकते, फोटो काढून होईस्तोवर. लग्नाच्या फोटोत मी उभी आहे.

आणि आमच्याकडं एक रीत आहे. घरातला वडील पुरुष बाहेरून आत येताना उंबऱ्याशी खाकरतो. आत सून असेल तर तिनं पदर घ्यावा, उठून बाजूला व्हावं, म्हणून. मला उठून बाजूला होणं कसं जमणार? ते सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात बसवून दिलं. मामांचं, म्हणजे सासऱ्यांचं, खाकरणं ऐकू आलं की मी सोप्यातल्या मधल्या खांबाशी जायचं, टेकून बसायचं, पाय लुगड्याखाली, पदर डोक्यावर, हातातल्या चपला पोत्याखाली, आणि कुबड्या बाजूला टेकवलेल्या. सुरुवातीला सासूबाई बाहेर लक्ष ठेवायच्या आणि हळूच म्हणायच्या, आलं गं. पुढं मला सवय झाली. मामा फौजी, वेळेचे पक्के. कधी येणार, कधी जाणार, ठरलेलं. खाकरून, चपला काढून, पायावर पाणी घेऊन ते आत येईपर्यंत मी खांबाशी असायची. सासूबाई गेल्या, तरी खांब सुटला नाही.

तर शिबिराच्या दिवशी मालकांची पाण्याची पाळी होती. ते उपसा योजनेवर आहेत, पाणी सोडायच्या चाव्या त्यांच्याकडं असतात, आणि पाळीच्या दिवशी चावी सोडून गेलं की अख्खं गाव शिव्या देतं. म्हणून मामा माझ्याबरोबर आले. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, बूट पुसले. मालकांनी मला उचलून रिक्षात बसवलं, कुबड्या मामांनी स्वतः धरल्या, बंदूक धरावी तशा सरळ.

शाळेच्या वर्गात टेबलं मांडली होती. रिक्षावाल्यानं आणि एका शिपायानं मला खुर्चीत बसवलं. डॉक्टर तरुण होता, दमलेला दिसत होता. माझा अपंगत्वाचा जुना दाखला बघून त्यानं मला विचारलं, कशा चालता तुम्ही? मी टेबलाच्या पायाकडं बघितलं. त्याच्या खाली कुणीतरी घडी केलेला पुठ्ठा सारला होता. मामांच्या देखत परक्या पुरुषाशी, तेही पायांबद्दल काय आणि कसं बोलायचं?

मामा पुढं झाले. म्हणाले, "सायेब, आमची सून सगळं करती. सैपाक, पानी, जनावरं. बावीस वर्सांत एक दिवस कुनाच्या आधारानं राहिली न्हाई."

"कुबड्यांवर चालतात का?"

"व्हय. ह्या काय कुबड्या."

डॉक्टरनं कुबड्यांकडं बघितलं आणि लिहिलं. मी पुठ्ठ्याकडं बघत राहिले. माझ्या मनात वाक्य तयार होतं, अगदी छोटं, ते तोंडापर्यंत येऊन परत गेलं. तेवढ्यात पुढच्या माणसाला बोलावलं.

येताना मामा खुश होते. रिक्षा थांबवून त्यांनी मला उसाचा रस पाजला. म्हणाले, डॉक्टरला पटलं बघ. भरतीला उभ्या केलेल्या पोराबद्दल सांगावं तसं त्यांनी माझ्याबद्दल सांगितलं होतं. पोरगं काटक आहे, साहेब, घ्या. फौजेत उभा जन्म काढलेल्या माणसाला साहेबापुढं एकच गोष्ट ठाऊक असते, जमत नाही असं म्हणायचं नाही. मी रस प्याले. त्यात आलं जास्त होतं.

पुढं काही महिने मी आशाताईची वाट बघत होते. ती दिसली की माझे हात थांबायचे. एकदा भाकरी तव्यावर करपली. मग एक दिवस निरोप आला, वस्तू आल्या आहेत, तालुक्याला कार्यक्रम आहे. मंडप होता, हार-नारळ होते. माझा नंबर आला तेव्हा माझ्या मांडीवर नारळ ठेवला आणि हातात कुबड्यांचा नवा जोड दिला. ॲल्युमिनियमच्या, हलक्या, उंची कमीजास्त करता येणाऱ्या. फोटो काढणारा म्हणाला, ताई, हसा. शेजारच्या गावातला एक म्हातारा बॅटरीच्या गाडीवर बसून मंडपातच गोल फिरत होता. मी त्याच्याकडं बघत राहिले, फोटोत माझी मान वळलेली आली.

घरात आता कुबड्यांचे दोन जोड झाले. गोठ्यात आधीची एक तीनचाकी सायकलही होती, कितीतरी वर्षांपूर्वी मिळालेली, हातानं फिरवायची. माझ्या खांद्यानं ती बोळाचा चढ चढायची नाही. त्या सायकलीवरून वैरण जास्त फिरली, मी कमी. तरी गावाला वाटायचं, हिला सरकार किती देतं.

त्यानंतरचे दिवस मी आदळआपट करत काढले. भांडी घासताना त्यांचे आवाज व्हायचे. मालक एकदा म्हणाले, "तू का बोलली न्हाईस तितं?" मी म्हणाले, "तुमी का सांगत न्हाई त्यास्नी?" बापाशी बायकोबद्दल बोलायचं नाही, ही दुसरी रीत. बावीस वर्षं एका ताटात नाही तरी एका घरात जेवले दोघं, पण माझ्याबद्दल त्यांच्यात चार वाक्यं झाली असतील तर लग्न ठरताना.

आशाताईचा जीव हळहळला. ती म्हणाली की परत अर्ज करता येतो, सांगलीला मोठं शिबिर होणार आहे. आणि बोलता बोलता ती म्हणाली, मामांनी खोटं कशाला सांगितलं?

मी हो म्हणणार होते. पण हातातली शेंग तशीच राहिली. मामा खोटं बोलले नव्हते. मी आठवायला लागले, त्यांनी मला कधी रांगताना बघितलंय? लग्नाच्या वर्षी? मुलीच्या वेळी? सासूबाई गेल्या त्या दिवशी? त्या दिवशीसुद्धा ते अंगणात पुरुषांत बसले होते आणि मी आत बायकांत. एकदाही नाही. त्यांनी मला खांबाशी बसलेली बघितलं, बाजूला कुबड्या बघितल्या, घरातलं पाणी भरलेलं बघितलं. रिक्षात मला उचलून बसवतात ते चढण्या-उतरण्यापुरतं, असंच त्यांना वाटत असणार. त्यावरून कुणीही जे समजेल ते ते समजले. त्यांना फसवलं असेल तर मी. मर्यादा म्हणून, पण फसवलंच.

हे कळल्यावर तर मला बसवेना. पहिल्यांदा राग ठेवायला मामा होते, आता तोही कुठं ठेवावा कळेना. 

नव्या अर्जाला अडचण निघाली कागदाची. माझा दाखला साताऱ्याचा, माहेरच्या नावाचा. इथली सगळी कागदं सासरच्या नावाची. दोन्ही नावांची बाई एकच आहे असं साताऱ्याहून लिहून आणायचं होतं. मालकांनी एक दिवस पाळी बदलून घेतली आणि आम्ही पहाटेच्या एसटीनं निघालो. मला उचलून चढवलं, उचलून उतरवलं. मी डोळे मिटून घेते अशा वेळी. काम दुपारपर्यंत झालं. परत स्टँडवर आल्यावर मालक मला एका कट्ट्यावर बसवून गाडीची चौकशी करायला गेले.

तिथं मी तिला बघितलं. माझ्याच वयाची बाई, कपाळावर मोठं कुंकू, बॅटरीच्या तीनचाकीवर. पुढच्या जाळीत मेथीच्या पेंढ्या. ती गर्दीतून येत होती आणि बाप्यांना हॉर्न मारून बाजूला करत होती. माझ्यासमोर गाडी थांबवून तिनं तोंड पुसलं. मी कधी कुणा परक्याशी आपण होऊन बोलत नाही. पण त्या दिवशी विचारलं, ही कशी मिळाली?

तिनं माझ्या हातांकडं बघितलं. तळहात बघून तिला काय ते कळलं असावं. म्हणाली, "माझा दादला सांगत हुता डाक्टरला, थोडं चालती, थोडं चालती. मी म्हटलं, गप ऱ्हावा. चालत न्हाई सायेब, घसपटती. बघायचंय का, उतरू खाली?"

"मग?"

"मग काय. लाज एकदा वाटली. गाडी रोज हाय." आणि मेथीची एक पेंढी माझ्या मांडीवर टाकून ती गेली. पैसे द्यायला मी मालकांना हाक मारेपर्यंत रस्त्यापलीकडं पोचली होती.

परतीच्या एसटीत मेथी मांडीवर घेऊन मी ठरवलं. सांगलीला बोलायचं. पण त्याआधी घरी एक काम होतं. मामांनी जे बघितलंच नव्हतं ते डॉक्टरपुढं एकदम त्यांच्या कानावर घालायचं, हे मला बरं वाटेना.

तरी त्यात बरेच दिवस गेले. रोज सकाळी नऊला मामा शेतातून न्याहारीला यायचे, खाकरायचे, आणि रोज मी ठरवलेलं असूनही खांबाशी जायची. अंगच ऐकत नव्हतं. शिबिराला चार दिवस राहिले. त्या सकाळी मी न्हाणीकडून येत होते, कळशी पुढं ढकलत, अंगणाच्या मधोमध. बाहेर खाकरणं झालं. माझा हात आपोआप चपलेतून निघायला लागला. मी तो परत चपलेत घातला आणि कळशी पुढं ढकलली.

मामा आत आले. एक चप्पल काढलेली, एक पायात. मला बघून त्यांना वाटलं मी पडले. बावीस वर्षांत कधी जवळ न आलेला माणूस दोन्ही हात पुढं करून धावला. "पडलीस व्हय गं?"

"पडले न्हाई, मामा," मी म्हणाले. पदर खांद्यावर होता, डोक्यावर नव्हता. "मी अशीच चालते."

ते थांबले. माझ्या हातातल्या चपलांकडं त्यांनी बघितलं, मग गुडघ्यांकडं, मग तोंड फिरवलं. तसेच मागं गेले. बाहेर गोठ्याशी त्या जुन्या सायकलीवर वैरणीचा बिंडा होता, त्यावर बसले. मी सोप्यात गेले. त्यांना न्याहारी द्यायची होती, पण हाक कशी मारायची ते सुचेना.

बऱ्याच वेळानं ते आत आले, न खाकरता. खांबाजवळच्या कुबड्या उचलल्या आणि उलट्या करून खालचं रबर बघितलं. मग सरकारी जोड बघितला. दोन्हींवरून अंगठा फिरवला. फौजेत ते दुसऱ्यांच्या बुटांचे तळ तपासत असत, असं सासूबाई सांगायच्या.

"जुन्याचंबी रबर झिजलं न्हाई," ते म्हणाले. माझ्याशी नव्हे, कुबडीशी बोलल्यासारखे. कुबड्या परत होत्या तिथं टेकवल्या आणि जेवायला शेतात भाकरी पाठव म्हणून सांगून गेले.

मला वाटलं होतं, आता सुटेल. तसं झालं नाही. दुसऱ्या दिवसापासून मामा उंबऱ्याशी खाकरेनात, बोळाच्या तोंडाशी खाकरायला लागले. मोठ्यानं. आणि मग तिथंच थांबायचे, चांगली पाच-दहा मिनिटं. मला वेळ मिळावा म्हणून. शेजारणीनं विचारलं, मामांना खोकला झालाय का? मी आत बसून ते थांबणं ऐकत राहायची. त्या चार दिवसांत खांबाशी गेले नाही आणि अंगणातही गेले नाही. स्वयंपाकघरात दाराआड, एका जागी. इतकी अस्वस्थ मी पाचवी सुटली तेव्हाही नव्हते.

सांगलीला जायच्या दिवशी मालकांची पाळी नव्हती, ते येणार होते. मामा त्यांना म्हणाले, तू ऱ्हा, मागं मी गेलतो, आता मीच जातो. मालकांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. एका भाड्याच्या गाडीनं गेलो. कुबड्या त्यांनी घेतल्याच नव्हत्या. माझ्या पिशवीत मी चपलांचा जोड आणि ट्यूबचे तुकडे घातले होते.

मोठा हॉल होता, गर्दी होती. खुर्च्यांच्या रांगा, टेबलं, कागद. या वेळी डॉक्टर बाई होत्या, चष्मा डोक्यावर सरकवलेला. त्यांनी आधीचा कागद वाचला आणि म्हणाल्या, यावर तर लिहिलंय कुबड्यांवर सगळीकडं चालतात.

मामांनी तोंड उघडलं. वाटलं, साहेबासमोर उभं राहिलं की हे परत तेच बोलतील.

"म्याडम, मागल्या टायमाला मी चुकीचं सांगितलं," ते म्हणाले. "मला ठावं नव्हतं. तिलाच इचारा."

एवढं बोलून ते मागं वळले. भिंतीकडं तोंड करून उभे राहिले, पाय जुळवून, हात बाजूला. कवायतीत उभं राहावं तसे. माझी मर्यादा राहावी म्हणून ते घरात खाकरायचे, इथं त्यांनी पाठ केली. मला त्यांची मान दिसत होती, आणि लाल झालेले कान.

डॉक्टरबाई माझ्याकडं बघत होत्या. मी म्हणाले, "मी रांगते."

ऐकू गेलं नसावं. त्यांनी पुढं वाकून परत विचारलं. मी पिशवीतल्या चपला काढल्या, हातात घातल्या आणि मोठ्यानं म्हणाले, "मी चालत नाही. रांगते. बावीस वर्षं. उजवा खांदा गेलाय, हातानं फिरवायची सायकल ओढत नाही." मग त्यांनी न सांगताच मी खुर्चीवरून खाली उतरले. ट्यूब बांधायला बसले असते तर धीर गेला असता, म्हणून तशीच निघाले. टेबलापासून दारापर्यंत. फरशी गार होती आणि गुळगुळीत, आमच्या अंगणापेक्षा कितीतरी सोपी. लोकांचे पाय बाजूला होत गेले. बूट, चपला, एक व्हीलचेअरचं चाक. दाराशी वळले आणि परत आले. मामांच्या बुटांजवळून जाताना मला दिसलं, त्यांचे पाय जुळलेले होते तसेच होते.

डॉक्टरबाईंनी खुर्चीतून उठून मला वर घेतलं. माझे तळहात बघितले, खांदा हलवून बघितला, बराच वेळ लिहीत राहिल्या. गाडी कशासाठी हवी या रकान्यात काय लिहू म्हणाल्या. आशाताईनं मला सांगून ठेवलं होतं, शिलाईचा व्यवसाय म्हण, धंद्याचं कारण लागतं. मला सुईत दोरासुद्धा नीट ओवता येत नाही. मी म्हणाले, आमच्या शेतात जायला. त्यांनी तेच लिहिलं.

परत येताना मामांनी परत रसाची गाडी थांबवली. दोन ग्लास घेतले. आपला संपवून, माझ्याकडं न बघता विचारलं, "त्यो सरकारी जोड परत करावा लागंल का गं?" मी म्हणाले, माहीत नाही. ते म्हणाले, नवा आहे, कुणाच्यातरी कामाला येईल.

गाडी यायला वर्ष गेलं. मध्ये दोनदा निरोप आला आणि दोनदा चुकीचा निघाला. मी परत वाट बघायला लागले, परत भाकरी करपल्या. घरातलं खाकरणं पुन्हा उंबऱ्याशी आलं होतं, आणि मी जिथं असेन तिथंच थांबून पदर तेवढा घ्यायची. मामा बघायचे नाहीत, पण थांबायचेही नाहीत. अंगणातून सरळ जायचे, जसं कुणीही बसलेल्या माणसाच्या बाजूनं जातं. एवढ्या दिवसांत त्यांनी एक केलं. दाराची पायरी पहारीनं काढली, मुरूम टाकून उतार केला, आणि रोज येताजाता त्यावर पाय आपटून घट्ट केला. गाडी नव्हती तेव्हापासून तो उतार होता. लोक विचारायचे, कशाला? ते म्हणायचे, असू दे.

गाडी निळी आली. मालकांनी मला वर बसवलं. दोन दिवस मी बोळातच पुढं-मागं करत होते, भिंतीला एकदा घासली. तिसऱ्या दिवशी भाकरीचं फडकं जाळीत ठेवलं आणि कुणाला बरोबर येऊ दिलं नाही. बोळाचा चढ तिनं सहज घेतला. शाळेसमोरून जाताना मुलं ओरडली. मी इकडंतिकडं बघितलं नाही, हात इतके घामेजले होते की मूठ निसटत होती. मग कालवा आला. पाणी वाहत होतं, मालकांनीच सोडलेलं असणार.

शेत लांबून ओळखू आलं नाही. माझ्या आठवणीत त्याच्या कडेला बाभळ होती, ती गेली होती. ऊस डोक्याच्या वर गेलेला, आत काही दिसेना. सरीत पाणी फिरवत असलेले मामा तेवढे दिसले, पाठमोरे, धोतर गुडघ्याच्या वर, अंगात नुसती बंडी. या वेशात मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. सुनेनं असं अचानक जाऊन उभं राहणं बरं नव्हे. मी लांबच थांबले आणि हॉर्न वाजवला.

त्यांनी मागं बघितलं. घाईनं धोतर सोडलं, बांधावरचा सदरा घालून गुंड्या लावल्या, आणि मग बांधावर येऊन उभे राहिले. मी गाडी पुढं घेतली. बांधावर चढणं तिला जमणार नव्हतं, चाक ओल्या मातीत रुतलं असतं, म्हणून मी रस्त्यावरूनच फडकं पुढं केलं. त्यांनी ते घेतलं. मी उसाकडं बघत होते. पानांचा आवाज इतका असतो हे मला माहीत नव्हतं.

"चांगला आलाय," मी म्हणाले.

"अजून एक पानी लागंल," ते म्हणाले. आणि जरा थांबून, "ऊन झालंय, जा आता घरी."

व्हय म्हणून मी गाडी वळवली. कालव्यावरच्या पुलाशी दोन वाटा फुटतात. गावाची वाट डावीकडं होती. समोरची कुठं जाते ते मी इतकी वर्षं नुसतं ऐकलं होतं. बॅटरीच्या खुणेवर अजून तीन रेघा होत्या. मागं वळून बघितलं तर मामा बांधावर तसेच उभे होते, फडकं हातात, बघत. मी सरळ गेले.